'रेड टेल' म्हणून आणलेला मासा पाच महिन्यांत ११ इंचांचा झाला आहे. हा नेमका कोणता आणि आता याचे काय करावे?

दुधनाकाठ (परभणी)
नमस्कार. दिवाळीनंतर मी इथल्या एका दुकानातून बोटभर लांबीचा एक मासा दोनशे रुपयांना आणला. दुकानदाराने नाव 'रेड टेल' एवढेच सांगितले. घरी येऊन शोधले, तेव्हा 'रेड टेल ब्लॅक शार्क' या माशाची माहिती मिळाली आणि तो फार तर पाच इंचांचा होतो हे वाचून मी निश्चिंत झालो. आज त्याची लांबी ११ इंच भरते. टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिच्यातले सहा एंजल आणि दोन गोल्डफिश एकेक करून नाहीसे झाले. सुरुवातीला मला शेजाऱ्यांच्या मांजरीचा संशय आला, म्हणून मी टाकीवर घट्ट झाकण बसवले; म्हणजे चोराला आत ठेवून बाहेरून कडी लावली. हा मासा कोणता, त्याची निगा कशी राखावी आणि माझी टाकी त्याला पुरेल का, हे जाणकारांनी सांगावे. फोटो रात्री काढल्यामुळे धूसर आला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

काचपेटी (छत्रपती संभाजीनगर)
फोटोवरून ठाम सांगता येणार नाही, म्हणून काही गोष्टी प्रत्यक्ष पाहून लिहा. मिशांच्या जोड्या किती आहेत? पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक लहान मांसल पर आहे का? अंगावर खवले दिसतात का? बाजूने पांढरा पट्टा जातो का, आणि डोक्यावर ठिपके आहेत की उभे पट्टे? तुम्ही वाचलेला 'रेड टेल ब्लॅक शार्क' हा नावाचाच शार्क आहे. तो रोहू-कटल्याच्या कुळातला, अंगावर खवले असलेला, शेपूट सोडून सगळा काळा असा लहान मासा आहे. तो एंजल गिळू शकत नाही.

दुधनाकाठ
मिशा मोजायला अर्धा तास गेला, कारण तो तळाशी तोंड कोपऱ्यात खुपसून बसतो. शेवटी कोळंबीचा तुकडा दोऱ्याला बांधून काचेजवळ धरला, तेव्हा समोर आला. वरच्या ओठापासून निघालेली एक लांब जोडी आहे आणि हनुवटीखाली दोन जोड्या आहेत, म्हणजे एकूण तीन. मागचा लहान पर आहे आणि त्याच्या कडेला लालसर छटा आहे. खवले अजिबात नाहीत. पाठ काळपट तपकिरी असून तोंडापासून शेपटीपर्यंत बाजूने मळकट पांढरा पट्टा जातो. शेपूट नारिंगी आहे. डोके वरून फावड्यासारखे चपटे असून त्यावर बारीक काळे ठिपके आहेत. तुकडा त्याने दोऱ्यासकट गिळला. दोरा मी वेळीच ओढून घेतला.

काचपेटी
मग शंका उरली नाही. हा रेड टेल कॅटफिश, शास्त्रीय नाव फ्रॅक्टोसेफालस हेमिऑलिओप्टेरस. मूळ वस्ती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत. पूर्ण वाढलेला मासा चार फुटांच्या आसपास जातो आणि त्याचे वजन ४० किलोंच्या वर जाऊ शकते. वाघासारखे पट्टे असलेल्या 'टायगर शॉव्हेलनोज'शी याचा संकर करून तयार केलेले मासेही बाजारात येतात, पण त्यांचे तोंड अधिक लांबट असते आणि पट्टे-ठिपके बाजूंवरही पसरलेले असतात. तुमच्या वर्णनात ठिपके डोक्यापुरते आहेत, म्हणून हा संकर वाटत नाही. नीट ठेवला तर हा मासा पंधरा वर्षे सहज जगतो, त्यामुळे प्रश्न या उन्हाळ्यापुरता नाही.

मळ्यातला (सेलू)
शेजाऱ्यांच्या मांजरीची जाहीर माफी मागण्यात यावी.

गोदाकाठचा भोई (पैठण)
आमच्या तीन पिढ्या नाथसागरावर आणि त्याआधी गोदावरीत जाळे टाकत आल्या आहेत, म्हणून ओळखीविषयी थोडे लिहितो. मिशा पाहिल्याशिवाय बिनखवल्याच्या माशाचे नाव घेऊ नये, असे आमचे आजोबा सांगत. आपल्या नदीतला शिवडा पाहा: त्याला मिशांच्या दोनच जोड्या असतात, पाठीवरचा पर अगदी चिमुकला असतो, मागचा मांसल पर नसतोच आणि पोटाखालचा पर मात्र शेपटीपर्यंत लांबत गेलेला असतो. त्याचे तोंड डोळ्यांच्याही मागे फाटलेले असते आणि आत बारीक दातांच्या रांगा असतात. शिंगाड्याला चार जोड्या असतात, त्यातली वरची जोडी बरीच लांब असते, आणि मागच्या मांसल परावर एक काळा ठिपका असतो. हे दोन्ही मोठे शिकारी मासे आहेत. अलीकडे काही मुले नदीतली पिल्ले नेऊन काचेच्या टाकीत ठेवतात. शिवड्याचे पिल्लू स्वतःच्या जवळजवळ निम्म्या लांबीचा मासा गिळायला मागेपुढे पाहत नाही.

उदगीरचा मास्तर
भोईदादा, तुम्ही शिवडा म्हणता त्याला आमच्याकडे मांजरा नदीच्या काठावर दुसऱ्याच नावाने हाक मारतात, आणि एकाच बाजारात दोन विक्रेते दोन नावे सांगतात. म्हणून धाग्यात वॉलागो अट्टू असे शास्त्रीय नावही लिहिलेले बरे. तुम्ही सांगितलेल्या खुणा मात्र वर्गात फळ्यावर काढून दाखवण्याजोग्या आहेत.

निळी शेपटी (जालना)
मला हे सगळे अतिशयोक्त वाटते. मासा टाकीच्या आकाराप्रमाणेच वाढतो, हा अनेकांचा अनुभव आहे. माझ्याकडे चार फुटी टाकीत दुकानदार ज्याला 'शार्क' म्हणतात तो मासा तीन वर्षांपासून आहे आणि एक फुटाच्या पुढे गेलेला नाही. खाणे बेताचे ठेवले की वाढ आपोआप आटोक्यात राहते.

काचपेटी
ताई, तुमचा मासा पंगास आहे, शार्क नव्हे. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला कॅटफिश असून मोकळ्या पाण्यात चार फुटांपर्यंत वाढतो. बर्फात गोठवलेले 'बासा' म्हणून हॉटेलांत जे पांढरे तुकडे मिळतात, ते बहुधा त्याचेच असतात. टाकीप्रमाणे मासा वाढतो, असे नसते. साचलेल्या घाणीमुळे, अपुऱ्या खाण्यामुळे आणि वळायला जागा नसल्यामुळे त्याची वाढ खुंटते. मी स्वतः हे पाप केले आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. माझ्या पंगासचा कणा शेपटीजवळ वाकला होता, आणि कोणी दिवा लावला की तो बिथरून काचेवर आदळत असे, त्यामुळे त्याच्या नाकावर कायमची जखम होती. तो कळपाने पोहणारा, घाबरट मासा आहे. चौथ्या वर्षी तो मेला, तेव्हा त्याची लांबी १४ इंच होती, आणि 'आपला मासा लहानच राहिला' असे मी तोवर सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो.

निळी शेपटी
माझ्या माशाच्या नाकावरही पांढरा डाग आहे. तो जन्मतःच असावा असे मी समजत होते. आज टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद लावते आणि खोलीतला दिवा आधी लावून मग टाकीचा लावते.

दुधनाकाठ
काचपेटीसर, तुमचे उत्तर वाचून झोप उडाली. गच्चीवर विटा-सिमेंटचा ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल हौद बांधावा, असा विचार मनात आहे. गवंडी ओळखीचा आहे. चालेल का?

लोखंड-सिमेंट (बीड)
मी माशांतला नाही, बांधकामातला आहे, पण हे वाचून गप्प बसवत नाही. तुमच्या हौदाचे आकारमान ९६ घनफूट भरते, म्हणजे सुमारे २,७०० लिटर पाणी, म्हणजेच २,७०० किलो वजन. विटा, सिमेंट आणि मासा वेगळे. ३ फूट खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० किलोंहून अधिक भार टाकते. घरातल्या खोल्यांचे स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरमागे साधारण २०० किलो आणि गच्चीचे १५० किलो धरून आखलेले असतात. म्हणजे तुम्ही सहापट भार एका कोपऱ्यात कायमचा उभा करणार आहात, तोही गवंड्याच्या भरवशावर. पाण्याची टाकी गच्चीवर ठेवतो मग हौद का नाही, असे विचाराल. त्या टाकीखाली खांब आणि तुळई कुठे आहेत हे आधी पाहिलेले असते, निदान पाहिलेले असावे. हौद बांधायचाच असेल तर जमिनीवर बांधा. शिवाय परभणीच्या मे महिन्यात गच्चीवरच्या उघड्या पाण्याचे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

लातूरची लेक
माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो काहींना रुचणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी धुतलेले पाणी संडासाला वापरत होतो. समजा, एवढ्या माशासाठी ४५० लिटरची टाकी घेतली, तर तिच्यातले ४० टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचे म्हणजे १८० लिटर. हौद असेल तर हजाराच्या वर. मराठवाड्यात बसून ॲमेझॉनमधला चार फुटी मासा पाळण्याची हौस कोणाच्या पाण्यावर होते, हा प्रश्न आपण विचारणार आहोत की नाही?

काचपेटी
प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येते, त्यामुळे मी टाकीतले काढलेले पाणी एक थेंबही मोरीत सोडत नाही. त्यात नायट्रेट असल्यामुळे ते झाडांना उत्तम खत ठरते. कढीपत्ता, लिंबू आणि गच्चीवरची मेथी त्याच्यावरच पोसली आहे. मीठ किंवा औषध घातलेले पाणी मात्र झाडांना घालू नये. तरीही मी आता मोठे मासे ठेवत नाही, आणि त्यामागे पाण्याचे कारणही आहे.

लातूरची लेक
मेथीचा मुद्दा मान्य. मूळ प्रश्न तसाच ठेवते.

वैद्यबुवा (हिंगोली)
माझ्याकडे टायगर शॉव्हेलनोज सहा वर्षे होता. मासा सध्या दुधनाकाठ यांच्याकडेच आहे, तर तो जाईपर्यंत नीट जगला पाहिजे, म्हणून निगेविषयी सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी टाकीतले खडे काढा. हा मासा तोंडात मावेल ते गिळतो: खडे, थर्मामीटर, फिल्टरची प्लास्टिकची जाळी, काहीही. तळ मोकळा ठेवणे किंवा त्याच्या डोक्याहून मोठे दगड ठेवणे, हे दोनच पर्याय आहेत. हीटर टाकीत असेल तर त्यावर जाळीचे आवरण हवे, कारण तळाशी बसणारे मासे हीटरला टेकून राहतात आणि त्यांची उघडी कातडी भाजते. झाकणावर वजन ठेवा.

खाण्यात कोंबडीचे किंवा बोकडाचे मांस रोज देऊ नका. त्यातली चरबी माशांना पचत नाही आणि यकृतावर साचते. जिवंत गोल्डफिश सोडण्याची हौस तर मुळीच करू नका. त्यांच्यासोबत रोग येतात, आणि त्यांच्या मांसातले थायामिनेज नावाचे द्रव्य माशाच्या शरीरातले ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. तळाशी बुडणारे दाणे, सोललेले झिंगे आणि काटे काढलेल्या माशाचे तुकडे पुरेत. एवढ्या वयाला एक दिवसाआड द्यावे, पूर्ण वाढल्यावर आठवड्यातून दोनदा. पोट किंचित गोल दिसले की थांबावे. तो तुमच्याकडे केविलवाणे पाहील. तिकडे लक्ष देऊ नये.

बिनखवल्याच्या माशाला औषधे लवकर बाधतात. पांढरे ठिपके दिसले म्हणून दुकानातून मॅलेकाइट ग्रीन किंवा तांब्याचे औषध आणून बाटलीवरची पूर्ण मात्रा ओतली, तर रोगाआधी औषधानेच मासा जातो.

उरला उन्हाळा. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, ३२ अंशांना तो ७.३ वर येतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि त्याने पाण्यात सोडलेला अमोनियाही अधिक विषारी होतो. त्यात वीज गेली की दोन तासांत मासा पृष्ठभागावर तोंड उघडून उभा राहतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. पाण्यावर आडवा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते. कूलरचे तत्त्व तेच आहे. एप्रिल-मेमध्ये खाणे निम्म्यावर आणावे.

निळी शेपटी
बोअरचे पाणी चालते का? आमच्याकडे नळीवर पांढरा थर जमतो.

वैद्यबुवा
चालते. मासा जड पाण्याला हळूहळू सरावतो. मात्र बोअरचे पाणी वर येते तेव्हा त्यात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून रात्रभर हवा देऊन मग घालावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन घालवण्यासाठी हायपो टाकावे.

मळ्यातला
माझ्याकडे प्लास्टिक अंथरलेले शेततळे आहे आणि जून-जुलैपासून ते भरलेले असते. मासा तिथे आणून सोडला तर त्यालाही मोकळीक मिळेल आणि मलाही लोक बघायला येतील. मी गंभीरपणे विचारतो आहे.

गोदाकाठचा भोई
भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे करू नका. परभणी-सेलूकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. गरम मुलखातला हा मासा त्या थंडीत टिकणार नाही. आणि टिकला तर काम आणखी वाईट. एखाद्या पावसाळ्यात शेततळे ओसंडले की मासा ओढ्यात, ओढ्यातून दुधनेत, दुधनेतून पूर्णेत आणि पूर्णेतून गोदावरीत. परका मासा पाण्यात काय करतो, ते आम्ही जाळ्यात पाहतो. घरच्या टाकीत काच चाटायला ठेवलेला सकर मासा लोकांनी नदीत सोडला आणि आता देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो पसरला आहे. जाळ्यात आला की त्याच्या कडक अंगाने जाळे फाटते, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. आफ्रिकेतल्या मागूरवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो. आपला देशी मागूर मात्र शोधावा लागतो.

उदगीरचा मास्तर
देशी आणि आफ्रिकी मागूर बाजारात कसा ओळखावा? दोघांनाही मिशांच्या चार जोड्या आणि पाठभर लांब पर दिसतो.

गोदाकाठचा भोई
खात्रीने ओळखायचे तर डोक्याच्या कवटीचा मागचा कोन आणि तिथून पाठीवरच्या पराचे अंतर पाहावे लागते. बाजारात आकारावरूनही अंदाज येतो. देशी मागूर फूटभराचा झाला तरी मोठा समजावा. कोणी तीन-चार किलोंचा 'मागूर' दाखवला, तर तो आफ्रिकी आहे असे समजून पुढे चालू लागावे.

लोखंड-सिमेंट
एक बालबुद्धीचा प्रश्न: हा रेड टेल खातात का? तसे असेल तर गच्चीचाही प्रश्न सुटेल आणि रविवारचाही.

वैद्यबुवा
त्याच्या मूळ देशात खातात. टाकीतल्या माशाला मात्र आजवर कोणकोणती औषधे पाजली गेली आहेत, हे दुकानदारालाही आठवत नसते. म्हणून रविवारी अंडाकरी करावी.

विष्णुपुरीकर (नांदेड)
धागा आज पाहिला. माझ्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर बांधलेला १४ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ४ फूट खोल हौद आहे. त्यात साडेबारा हजार लिटर पाणी मावते. त्यात दोन रेड टेल आणि एक शॉव्हेलनोज आहेत, तिन्ही असेच लोकांनी कंटाळून दिलेले. हिवाळ्यासाठी हीटर आहेत, बाहेर जाणारी वाट जाळीने बंद आहे आणि पाणी शेताला जाते. लातूरच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मलाही दर उन्हाळ्यात पडतो. दुधनाकाठ यांची इच्छा असेल तर मासा घेईन, मात्र तो १५ इंचांचा होईपर्यंत वेगळ्या टाकीत ठेवीन, कारण माझे दोघे त्याला नातेवाईक मानणार नाहीत.

आणताना दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर वाटेत ओकून पाणी नासवेल. जाळीने पकडू नका. याच्या छातीच्या परांना आणि पाठीवरच्या पराला काटा असतो, तो उभा करून मासा अडकवून घेतो आणि मग जाळी कापण्यावाचून इलाज राहत नाही. पाण्याखाली मोठी पिशवी किंवा टब धरून त्याला आत हाकलावे आणि पाण्यासकट उचलावे. दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी, बाकी प्राणवायू, आणि बाहेरून थर्मोकोलचा डबा.

दुधनाकाठ
विष्णुपुरीकरदादा, तुमचे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही. सर्वांच्या माहितीसाठी काल काय घडले ते लिहितो. सूचना वाचूनही मी घाईत आधी जाळीच वापरली, आणि व्हायचे तेच झाले. डाव्या छातीचा काटा जाळीच्या चार घरांत घुसला, मासा टणटण असा आवाज काढू लागला आणि माझा मुलगा घाबरून खुर्चीवर चढला. मुलाच्या आईने शिवणकामाची कात्री आणून एकेक धागा पाण्याखालीच कापला. मी फक्त हात ओले ठेवून मासा धरला. काटा मोडला नाही, पण माझ्या तळव्याला दोन ठिकाणी खरचटले. मग टबाने तो पहिल्याच फेरीत आला. नांदेडला डबा उघडला, तेव्हा पिशवीच्या तळाशी एक गुळगुळीत पांढरा खडा पडलेला होता. तो माझ्या टाकीतला होता आणि खडे मी तीन आठवड्यांपूर्वी काढले होते.

येताना त्या दुकानात गेलो. काचेच्या पेटीत बोटभर लांबीची अकरा पिल्ले होती आणि चिठ्ठीवर 'रेड टेल' एवढेच. मी दुकानदाराला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, खरे सांगितले तर कोण घेईल? मी म्हटले, ज्याच्याकडे हौद आहे तो घेईल. त्याने चिठ्ठी बदललेली नाही.

काचपेटी
मुलाला ती रिकामी टाकी दाखवून काय ठेवायचे ते ठरवू द्या. १२७ लिटरमध्ये बारीक कॅटफिशही छान राहतात. कोरिडोरास सहा-सात घ्या, बहुतेक अडीच-तीन इंचांच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांनाही मिशा असतात.

विष्णुपुरीकर
सहा दिवस त्याने काही खाल्ले नाही. नळीच्या तुकड्यात डोके घालून बसला होता. काल रात्री शेडमधला दिवा बंद करून दोन झिंगे टाकले आणि अंधारातच थांबलो. पाचेक मिनिटांनी पाण्यात पोकळ 'गप्प' असा आवाज झाला. बॅटरी लावली, तेव्हा झिंगे नव्हते. आज मोजला, साडेअकरा इंच आहे. कोणाकडे बारा व्होल्टचा जुना हवेचा पंप पडून असेल तर कळवावे, मेमध्ये लागेल.